भरभर वाचलेली अट

"बाई, जरा सावकाश वाचा. ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे," काचेपलीकडून जाहिरातवाला म्हणाला.

निवेदिकेला हसूच आलं. बावीस वर्षं ती जाहिरातींमधली शुल्काची अट वाचत होती, आणि सावकाश वाचा म्हणणारा हा पहिलाच प्राणी!

"अहो, कळलं तर फोन कोण करेल?" ती म्हणाली आणि एका दमात वाचून मोकळी झाली. आठ सेकंद. अर्थाकडे लक्ष गेलं की जीभ अडखळते, म्हणून ती अर्थाच्या वाटेलाच जात नसे.

"तुमची मर्जी," असं म्हणून त्यानं कागद खिशात घातला आणि तो निघून गेला. रेकॉर्डिस्टनं अट लगेच फोनलाइनवर चढवली. 'गेलेल्या माणसाशी बोला' अशी ती सेवा. लोक काय विकतील, नेम नाही!

दुपारी आईचा फोन आला.

"अगं, तुझ्या त्या जाहिरातीतल्या नंबरवर फोन लावला होता. तुझे बाबा बोलले माझ्याशी."

"काहीतरीच काय, आई! नकला करणारा बसवला असेल कुणीतरी."

"मग त्याला तुझ्या पाठच्या भावाचं नाव कसं माहीत? दोन तास जगलं गं ते पोर. नाव आम्ही दोघांनीच ठेवलं होतं, कुणाला सांगितलं नाही कधी."

निवेदिकेच्या मनात आलं: बाबा खरे, तर शुल्कही खरं. आणि ते काय होतं? स्वतः वाचलेलं, पण एक अक्षर आठवेना.

"किती वेळ बोललीस? सुरुवातीला भरभर सांगतात, ते कळलं का तुला?"

"दहा मिनिटं झाली असतील. छे गं, तुझा आवाज तेवढा ओळखला, बाकी काही कळलं नाही. परत लावते हं." आईनं फोन ठेवला.

निवेदिकेनं लगेच उलट फोन लावला. आईची लाइन व्यस्त. रेकॉर्डिस्टच्या हातापाया पडून तिनं अट सावकाश लावायला सांगितली.

'दर मिनिटाला तुमच्या आयुष्यातला एक महिना.'

"ब्याऐंशीची आहे रे ती!" निवेदिका ओक्साबोक्शी रडायला लागली. "कुठून आणायचे तिनं इतके महिने?"

"ताई, थांबा. अजून आहे पुढे."

'ही अट ज्याला समजली नाही, त्याचं शुल्क आज सूर्य मावळताना वाचणाऱ्याकडून वसूल केलं जाईल.'

ती ऐकत राहिली. मग तिनं पदरानं डोळे पुसले. रडता रडता हसलीसुद्धा.

"सुटले रे बाबा! घेऊ देत माझे दहा महिने, नाहीतर वीस. आईसाठी दिले."

रेकॉर्डिस्ट हसला नाही. तो समोरच्या पडद्याकडे बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "सकाळपासून नऊ हजार फोन झालेत."