जुवाला हात

बैल जुंपून झाले, तरी कापसाच्या खोलीतून किंकाळी आली नव्हती. भिकुबाई ओट्यावर कान देऊन बसली होती. सून आज ओरडत बाहेर आली की तिला तशीच गाडीत घालून धानोऱ्याला माहेरी टाकून यायचं, हे तिने कालच चारचौघींत जाहीर केलं होतं. सुंठीवाचून खोकला जात असेल तर कोणाला नको? मुलगा हिंमतराव बैलांपुढे खाली मान घालून उभा होता.

आत सिंधुबाई डोळे मिटून बसली होती. भाव चढेल म्हणून अठ्ठावन्न सालचा सगळा कापूस त्या खोलीत आढ्यापर्यंत भरला होता आणि घरात निवांत जागा म्हणाल तर तेवढीच होती. तापीकाठच्या प्रकाशा गावी घाटावर एका बाईमहाराजांनी तिला नुसता श्वास पाहत बसायला शिकवलं होतं. पण श्वास जरा निवला की रोज पाठीमागच्या ढिगातून कोणीतरी उठायचं, हलक्या पावलांनी यायचं आणि तिच्या मानेवर वाकायचं. मग ती किंचाळत दार गाठायची. ढीग तिनेच तुडवून भरला होता. आत सरकीशिवाय काही नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून काय उपयोग? भीती कोणाला विचारून येत नाही.

आजही ते उठलं. मानेला ऊब लागली. किंकाळी गळ्यापर्यंत आली. ही बाहेर पडली की घर सुटलं, या विचाराने तर भीती दुप्पट झाली.

"येल शे तं बठ," तिने मनातल्या मनात त्याला बसायला सांगितलं. "मी काही उठत नही."

ते वाकलं. आणखी वाकलं. तिने पळायचं सोडून त्या उबेवरच लक्ष धरलं. मान जळत राहिली, किती तरी वेळ जळत राहिली आणि मग हळूहळू निवली. दाराच्या फटीतून येणारा थंडीचा वारा मानेला लागला, तेव्हा तिला हसूच आलं. एवढंसं होतं होय! ती मुद्दाम आणखी थोडा वेळ बसली.

डोक्यावर पदर घेऊन ती शांतपणे बाहेर आली. भिकुबाईचा तोंडचा घास गेला.

"वरडनी नही?"

"नही."

"आज नही वरडनी, सकाय वरडशी. बस गाडीमा."

सिंधुबाईला लख्ख कळलं. किंकाळी हे नुसतं निमित्त होतं. आपण गप्प राहिलो तरी गाडी जाणारच होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो बैलाच्या शिंगाकडे पाहू लागला. तिला पुन्हा भीतीने धरलं. या भीतीला तर सासूचं तोंड होतं, आणि ते गाडीत बस म्हणत होतं.

पण ती हलली नाही. मानेवरच्या उबेसारखीच हीही जरा वेळाने निवली. मग ती अंगणात उतरली आणि सरळ बैलांच्या मानेवरच्या जुवापाशी गेली.

त्या घरात बाईने जुवाला हात लावायचा नाही. लागलाच तर जू बाटलं, ते जाळून नवं करायचं, तोवर गाडी बंद. अंगणात आडवं पडलेलं असलं तरी बायका वळसा घालून जात.

"काय करी ऱ्हायनी वं?" हिंमतराव घाबरून पुटपुटला.

"बैल सोडस."

तिने जू धरलं. शिवळेची खुंटी उपसली, बैलाच्या गळ्याखालचं जोतं सोडलं. बैलाने मान बाहेर काढून फुर्रकन श्वास टाकला.

तेव्हा भिकुबाई किंचाळली. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. शेजारच्या कुडावरून रंजनाबाईचं डोकं वर आलं. बिचारी सकाळपासून याच आवाजाची वाट पाहत होती.

"हिंमतभाऊ, आज बी वरडनी का सिंधु?"

हिंमतरावाने सुटलेल्या बैलाचा कासरा हातात घेतला.

"नही," तो म्हणाला. "आज माय वरडनी."