हातमोज्यावरचे साहेब

रुग्णवाहिकेत तीस वर्षं मी माणसांना पट्टे आवळले; आज स्वतःच स्ट्रेचरवर जखडलोय. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलायचीही चोरी. माझ्याच हाताखाली शिकलेली पोरगी शेजारी बसलीय. "काकू, घाबरू नका, सर ठणठणीत होतील," माझ्या बायकोला सांगत तिनं हातमोज्यावर पेनानं 'ना.बो.' लिहिलं आणि मधल्या काचेतून ड्रायव्हरला दाखवलं. म्हणजे 'नातेवाइकांना बोलवा', पेशंट हातचा गेला. ही पद्धत मीच पाडलेली. घरच्यांसमोर उघड कसं बोलणार? पूर्वी असे मोजे माझ्या खिशात राहायचे. धुणं भिजवताना बायको विचारायची, "हे ना.बो. कोण हो?" "आमचे साहेब," मी ठोकून द्यायचो. आत्ता तिची नजर त्या हातमोज्यावर थबकली. मी डोळ्यांनी नाही-नाही म्हणत राहिलो. तिनं माझा हात न सोडता मुलाला फोन लावला. "असशील तसा निघ. बाबांचे ते साहेब आलेत."