रानलिंबापाशी

सिन्वाने ब्रांगच्या लेकाला भर बाजारात कोयत्याने तोडलं, त्याला महिनाही झाला नव्हता. हा सिन्वा विस्तव पाडायच्या लाकडी नळ्या करायचा. दट्ट्या आपटला की नळीत ठिणगी पडावी पण नळी चिरू नये, इतकं घट्ट लाकूड त्या डोंगरात एका म्हाताऱ्या रानलिंबाचंच होतं. त्या झाडाला तो दुसऱ्या कुणाला हातही लावू देत नसे.

“भावजी, तिथंच गाठू त्याला. दोघं जाऊ,” ब्रांगचा मेव्हणा लाशम म्हणाला.

“कोंबडी कापताना घाम फुटतो तुला! घरी बस बहिणीजवळ,” ब्रांगने त्याला झटकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर धुक्याने भरला होता. ब्रांग झाडामागच्या बांबूंत दबा धरून बसला. थोड्या वेळाने डोक्यावरून पानांचं इरलं घेतलेला एक माणूस आला आणि कोयत्याच्या पाठीने खोड ठोकून, कान लावून लाकूड पारखू लागला. ब्रांगच्या डोळ्यांपुढे लेकाचं फुटलेलं डोकं आलं. तो मागून धावला आणि दोन्ही हातांनी कोयता त्याच्या पाठीत घातला. मरताना याने आपलं तोंड बघावं, म्हणून त्याने त्याला लाथेने उताणं केलं.

तो लाशम होता.



“भावजी, लपा लवकर,” तोंडातलं रक्त गिळत तो पुटपुटला, “माझी ठोकाठोक ऐकून सिन्वा येतच असेल.”