वल्लरीशिवायचा सामना

"अडतीस गुण केले मी! आणि राज्याच्या बास्केटबॉल संघात ही नजमा?" वल्लरीच्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. नजमाचे गुण होते चार.

प्रशिक्षक गोंधळेकर सरांनी मैदानाच्या भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. निवडयंत्र हल्ली गुण मोजत नसे. ते एकेका खेळाडूला वगळून झालेला सामनाच पुन्हा खेळवून दाखवी.

नजमाला वगळल्यावर त्यांच्याच सांगली संघाच्या मुली वाट चुकलेल्या वरातीसारख्या मैदानभर फिरत होत्या. वल्लरीला वगळल्यावर मात्र हरलेला सामना त्या आरामात जिंकत होत्या.

"आणि हसतायत बघा कशा मेल्या, मी नाही तर!"

"चेंडू हाताला लागतोय ना त्यांच्या," सर म्हणाले. "नवलाई असते."

वल्लरीचा तोल सुटला. हातातला चेंडू तिने सगळा जोर लावून नजमाच्या अंगावर भिरकावला. नजमाने तो छातीशी झेलला आणि वळून सवयीने बास्केटमध्ये टाकला.

सरांनी सावकाश चष्मा पुसला.

"हंगामातला तुझा पहिला पास," ते म्हणाले. "राग राहू दे हवं तर. पण आणखी एक दे."