तिसऱ्या रांगेतून

मधुवंतीच्या नऊवारीला सोळावी पिन लावताना ती अवनीच्या अंगठ्यातच घुसली. मधुवंती मागं वळून म्हणाली, "यार, साडी को खून मत लगाना हं."

पडदा उघडायला पाच मिनिटं होती. अवनीनं अंगठा तोंडात घातला आणि तिच्याकडं पाहिलं. काय दिसत होती ही बया! काम थोरल्या सुनेचं. अठरा वर्षं घरादाराचं करून करून मोडलेली आणि शेवटी हातातली पळी खाली ठेवून "आता पुरे" म्हणणारी थोरली. अशी बाई इतकी टवटवीत असते? तिची दाबाची नथ जराशी वाकडी बसली होती. अवनीनं मुद्दाम सांगितलं नाही. मग दोन सेकंदांत स्वतःच पुढं होऊन सरळ केली. हा तिचा रोगच होता.

चंडीगडच्या मराठी मंडळाचा गणपती, आणि त्यातली ही एकांकिका लीलावतीकाकूंनी लिहिलेली, त्यांनीच बसवलेली. सातही जणांच्या प्रती दहावीतल्या अवनीनं हातानं उतरवल्या. मधुवंतीची इंग्रजी अक्षरांत, कारण तिला मराठी कळायचं, वाचता यायचं नाही. तालमीचा चहा अवनीचा. पितळी पळीसुद्धा अवनीच्या घरची. थोरलीचं काम तेवढं मधुवंतीला.

"तिला उंची आहे गं," काकू म्हणाल्या होत्या. "आणि विंगेत प्रॉम्प्टिंगला तू आहेस, मग मला कसली काळजी?"

अवनी "हो काकू" म्हणाली होती. मग घरी जाऊन नळ सोडून, बाथरूमच्या आरशापुढं तिनं थोरलीचं शेवटचं भाषण म्हटलं. एकदा नाही. रोज.

"आणि लक्षात ठेव," काकूंनी आत्ता पुन्हा बजावलं, "हळू. तुझा आवाज पहिल्या रांगेत गेला, की आपलं नाटक संपलं."

पडदा उघडला. मधुवंती नुसती चालत आली, अजून तोंडही उघडलं नव्हतं, तर टाळ्या! विंगेत अवनीनं प्रॉम्प्टिंगच्या वहीचं पान फर्रकन उलटलं. पुढं दर तिसरं वाक्य मधुवंती विसरायची, डोळा विंगेकडं टाकायची, अवनी पुटपुटायची, आणि मधुवंती ते मान वेळावून असं काही टाकायची की हॉल खूश. वाक्य अवनीच्या ओठांतून निघत होतं आणि टाळी मधुवंतीच्या पदरात पडत होती.

शेवटचा प्रवेश जवळ आला तशा काकू मागून येऊन तिच्या कानाशी वाकल्या. "संपलं की सगळ्यांचा फोटो. तूच काढ हं, तुझा हात हलत नाही."

"म्हणजे मी फोटोत नाही?"

"तू काय बाई, घरचीच!"

अवनीनं सवयीनं तोंड उघडलं. 'हो काकू' बाहेर आलंच नाही. तिनं वही खुर्चीवर ठेवली आणि बाजूच्या पायऱ्या उतरून अंधारात शिरली.

बाबा अजून झिरकपूरच्या जाममध्येच अडकले होते. तिसऱ्या रांगेत त्यांच्यासाठी धरलेल्या खुर्चीवर आईची पर्स होती. अवनीनं ती आईच्या मांडीवर ठेवली आणि बसली.

"अगं, तू इकडं? मग तिकडं कोण आहे?"

"कोणी नाही."

स्टेजवर मधुवंतीनं पळी उचलली. तेच भाषण.

"अठरा वर्षं..." तिनं विंगेकडं पाहिलं. खुर्चीवर वही होती, फक्त वही. "अठरा वर्षं..."

अवनीला गोड वाटलं. खोटं कशाला बोला, अगदी बासुंदीसारखं गोड वाटलं. मधुवंतीची हनुवटी थरथरायला लागली तेव्हा मात्र ती बासुंदी जरा घशात अडकली.

मधुवंतीचे डोळे विंगेतून पहिल्या रांगेत, पहिलीतून दुसरीत आले आणि तिसरीत थांबले.

"अवनी," ती भर स्टेजवरून म्हणाली, "आगे क्या है?"

हशा पिकला. विंगेतून काकूंचं डोकं बाहेर आलं. "सांग ना गं तिला! हळूच सांग!"

अवनी उभी राहिली.

"अठरा वर्षं मी ह्या घरात सगळ्यांची पानं वाढली!"

पुढच्या दोन रांगा खुर्च्या करकरवत मागं वळल्या. दीडशे माणसं स्टेज सोडून तिच्याकडं बघायला लागली. आईच्या हातातून पर्स घसरली.

"माझं पान कुणी वाढलं होतं का, ते आठवून बघतेय. आठवत नाही. आता मी बसून आठवणार आहे. भात लागला तर लागू दे!"

"अवनी!" काकू दातओठ खात कुजबुजल्या. "हळू!"

"हळू कशाला?" अगदी शेवटच्या रांगेतून कुणी आजोबा ओरडले. "इथपर्यंत येऊ दे! म्हण पोरी!"

स्टेजवर मधुवंती पळी धरून तशीच उभी होती, तोंड उघडं टाकून. तिची नथ पुन्हा वाकडी झाली होती. तिसऱ्या रांगेतून ती स्वच्छ दिसत होती.

अवनीनं ती तशीच राहू दिली, आणि पुढचं वाक्य म्हटलं.