तोंडाला फडकं

"थांबा." काचेच्या खोपट्यातून ध्वनिमुद्रक वेंडेल बाहेर आला. "परत तुमचाच आवाज. सातवी खेप, आमोसबाबा. आता तरी तोंडाला कुलूप घाला."

दिग्दर्शक आमोस ट्रेडगोल्ड ओशाळला. मुक्या सिनेमांच्या काळात त्याने चाळीस चित्रपट काढले होते. कॅमेरा चालू असताना नटांवर मनसोक्त ओरडायचं, ही तेव्हाची रीतच. आता हॉलिवूडमध्ये सिनेमा बोलायला लागला आणि भल्याभल्यांची बोलती बंद झाली. पण जित्याची खोड ती, अशी कुठे जाते?

निर्माता झेलर दारातूनच म्हणाला, "एकच रीळ उरलंय. हेही नासलंस तर उद्यापासून येऊ नकोस. दुसरं कुणी तुला दारात उभं करणार नाही, ठाऊक आहे ना?" आणि तो निघून गेला.

आमोसने रुमाल काढला आणि स्वतःच्याच तोंडावर करकचून बांधला.

प्रसंग साधा होता. वेडा शास्त्रज्ञ विजेचा खटका ओढतो, 'ऊठ' म्हणतो, प्रेत उठतं. भाड्याने आणलेल्या यंत्रांतून ठिणग्या उडाल्या. शास्त्रज्ञ झालेला पर्सी, तोंडावर डॉक्टरी फडकं, टेबलावर वाकला आणि ऐन वेळी वाक्यच विसरला. प्रेत बिचारं वाट बघत पडून राहिलं. रीळ सरत चाललं. आमोसला राहवेना. त्याने रुमाल ओरबाडून काढला.

"ऊठ! मेला नाहीस तू अजून! ऊठ म्हणतो ना!"

प्रेत दचकून उठलं. रीळ संपलं. वेंडेलने कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रीळ धुऊन आलं आणि ते बघायला झेलर, वेंडेल, ऑफिसातली टायपिस्ट बाई, सगळे पडद्यासमोर जमले. आमोस निरोप घ्यायच्या तयारीनेच, टोपी हातात धरून मागच्या खुर्चीवर बसला. पडद्यावर ठिणग्या उडाल्या. पांढऱ्या फडक्याआडून तो आवाज गडगडला आणि प्रेत उठलं. टायपिस्ट बाईच्या हातून कॉफीचा कप निसटला.

"पर्सीचा आवाज तर शिट्टीसारखा," झेलर म्हणाला. "हा कुणाचा?"

आमोस उभा राहिला. "माझा, साहेब. चुकलं."

 झेलर वेंडेलकडे वळला.

"उद्यापासून सबंध सिनेमाभर पर्सीच्या तोंडाला फडकं राहील. आणि या म्हाताऱ्याच्या तोंडाला परत रुमाल दिसला, तर तुला घरी पाठवीन."