बुटांचा पत्ता

पार्सल उघडलं आणि शंकरप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. आत त्यांचेच बूट होते.

तपकिरी, नाडीचे, डाव्या टाचेला झिजलेले. आता टाच नवी होती आणि पॉलिश असं की सोलापूरच्या शुक्रवार पेठेत तसं कुणी कधी केलं नसेल. दोन महिन्यांपूर्वी आयर्लंडमध्ये त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, की बूट चोरीला गेले. वर "गोऱ्यांतबी चोर असत्यात की," असंही ऐकवलं होतं.

"अगंबाई, घावले व्हय!" त्यांची बायको गौरम्मा हरखून गेली. पण बूट चोरीला गेलेच नव्हते. त्यांनी ते मुद्दाम सोडून दिले होते.

त्याचं असं झालं. मुलगा शिवराज डब्लिनला नोकरीला. त्याने हौसेने आई-बापाला तिकडे बोलावून घेतलं आणि नेमकी त्याची नोकरी गेली. नोकरी नव्हती म्हणूनच तर त्याला दोघांना हिंडवायला वेळ मिळाला. पण महिनाअखेर दुसरी मिळाली नाही, तर गाशा गुंडाळून परत यायची पाळी. आणि 'आमचा शिवराज फॉरेनला असतो' या एका वाक्यावर शंकरप्पांनी पेठेत सहा वर्षं ताठ मानेने काढली होती. आता कट्ट्यावर काय तोंड दाखवायचं? या काळजीने त्यांना तिकडचं जेवण जाईना. तसं ते आधीही जात नव्हतंच.

शिवराज रोज गाडी काढायचा आणि जुने किल्ले, जुनी चर्चं दाखवायचा. किल्ला दिसला की शंकरप्पा विचारायचे, "ह्याचं छप्पर कुटं गेलं?"

"अप्पा, आठशे वर्षांचा आहे तो."

"मग? आपल्या भुईकोटाचे बुरूज बग, अजून कसे हायत!" भुईकोटात ते स्वतः शेवटचे चौथीच्या सहलीला गेले होते, ही गोष्ट निराळी.

चर्च आलं की दोघंही दारात बूट काढायचे. शिवराज ओशाळून म्हणायचा, "अप्पा, अव्वा, इथं बूट घालूनच आत जातात."

"जाईनात का. आत देव हाय का न्हाय?"

मग त्या गारठलेल्या फरशीवर दोघं मोज्यांनी उभे. शंकरप्पा दोन मिनिटांत बाहेर यायचे. गौरम्मा मात्र हात जोडून, डोळे मिटून बराच वेळ काहीतरी मागत राहायची. काय मागितलं ते विचारलं तर सांगायची नाही.

शेवटचं चर्च समुद्राकाठी होतं. वार शनिवार. शनिवारी देवळाबाहेरून पायताण चोरीला गेलं की साडेसाती त्याच्याबरोबर जाते, हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्या देशात चोरांचा मोठा दुष्काळ. पंधरा देवळं झाली, तरी कुणी बुटांकडे वाकडा डोळा करून बघितलं नव्हतं. शेवटी शंकरप्पांनीच पुढाकार घेतला. बूट दारात ठेवले, पाऊस पडत असताना मोज्यांनीच गाडीत जाऊन बसले आणि "चोरी झाली, चल लवकर" म्हणाले. पुढच्याच गुरुवारी शिवराजला नोकरी लागली! शंकरप्पांनी मनातल्या मनात त्या अज्ञात चोराला साष्टांग नमस्कार घातला.

आणि आता हे पार्सल. सोबत चिठ्ठीही होती. शंकरप्पांनी ती अक्षर अक्षर लावत वाचली. चर्च सांभाळणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, की तुम्ही भर पावसात मोज्यांनी गेलात. आम्ही मागे धावलो, पण गाडी निघून गेली. रविवारी आम्ही सगळ्यांनी तुमच्या पायांसाठी प्रार्थना केली. टाच झिजली होती, ती नवी बसवून घेतली आहे.

"पर ह्यांना पत्ता कुणी दिला?" शंकरप्पा किंचाळले.

"मी." गौरम्माने बुटाची जीभ उलटून दाखवली. आत मार्करने, आधार कार्डावरून उतरवलेला पुरता इंग्रजी पत्ता, पिनकोडसकट. घरातल्या वाटी-चमच्यावरसुद्धा नाव घालून घेणारी बाई ती. "तुमी देवळात गेला की पायताण इसरता. म्हनून लिवलं की."

शंकरप्पांनी तिच्या हातातून बूट हिसकावला. "अगं, ते बूट न्हवते! साडेसाती हुती पोराची! सोडून आलो हुतो मी!" आणि त्यांनी सगळं ओकून टाकलं.

तेवढ्यात फोन वाजला. शिवराजच होता. शंकरप्पांनी स्पीकर लावला.

"अप्पा, कंपनीनं इथलं ऑफिस बंद केलं."

"गेली नोकरी? गेली न्हवं?"

"नाही अप्पा, नोकरी आहे. ऑफिस गेलं. सगळ्यांनी आपापल्या गावी जाऊन घरनंच काम करायचं म्हणाले. पुढच्या महिन्यात सोलापूरला येतोय मी. कायमचा."

फोन ठेवला. शंकरप्पांनी बुटांकडे असं बघितलं, की बूट बिचारे लाजले असते. "बघितलंस? आली साडेसाती. पिनकोडसकट आली! आता कट्ट्यावर काय सांगू मी?"

गौरम्माचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. सहा वर्षांत पहिल्यांदाच ती अशी मोकळी हसली. तिने बूट उचलले, पदराने पुसले आणि दाराशी नीट जोडीने ठेवले.

"साडेसाती न्हवं ओ ती. मी तितल्या समद्या देवळांत एकच मागणं मागत हुते. आमचं जे काय तुमच्याकडं राहिलंय, ते आमच्या पत्त्यावर धाडून द्या. त्येनी आदी बूट धाडले, इतकंच."